खिडकीला पडदे आहेत, तरी संध्याकाळी घर उघडं का वाटतं?

मोकळी_भिंत:
नव्या घरात येऊन चार महिने झाले. सामान लागलं, पुस्तकं फडताळात गेली, भिंतीवर दोन चित्रंही चढली, पण बैठकीची खोली काही केल्या घरासारखी वाटत नाही. दिवसा ठीक असतं. दिवे लावले की थेट वेटिंग रूम.

संशय खिडकीवर आहे. पाच फूट रुंद, सरकत्या काचांची, अडीच फुटांवर कट्टा, खाली मोकळी भिंत, समोर सोफा वगैरे काही नाही. आधीच्या घरातले पडदे लावलेत, ते चार फुटी खिडकीचे. ओढून घेतले की दोरीवर वाळत घातल्यासारखे सपाट लटकतात.

नवऱ्याचं मत रोलर ब्लाइंड (वर गुंडाळला जाणारा सपाट पडदा), सुटसुटीत दिसतं म्हणे. माझ्या मनात गडद विटकरी पडदे आहेत. सासूबाई म्हणतात फिकट लाव, खोली मोठी दिसेल. तीन तिघाडा चाललाय. शिवाय झोपायच्या खोलीत सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं, त्याचंही काहीतरी करायचंय. रंग कोणता घ्यावा, आयलेट (रॉड ओवायच्या गोल कड्या) की चुण्या, आणि ब्लाइंड खरंच बरे पडतात का? अनुभवी लोकांनी लिहा.

काजवा२:
फोटो टाका.

निवांत_दुपार:
आमच्याकडे झेब्रा ब्लाइंड आहेत, दोन वर्षं झाली. पट्ट्या सरकवून उजेड कमीजास्त करता येतो ते छान. पण ऊबदार वगैरे म्हणाल तर नाही हो. नीटनेटकं दिसतं, एवढंच.

सुईदोरा:
पडदे शिवण्यात वीसेक वर्षं गेली आहेत, त्यामुळे जरा लांब लिहिते.

रंग सगळ्यात शेवटी. लोक दुकानात शिरल्या शिरल्या रंग बघतात आणि मापं चिठ्ठीवर अंदाजाने लिहून आणलेली असतात. तुमच्या पडद्यांची अडचण त्यांच्या रंगात नाही, ती तुम्हीच लिहिली आहे : सपाट लटकतात. पडदा भरलेला दिसतो तो चुण्यांमुळे आणि चुणी पडायला कापड लागतं. रॉड जितका लांब, त्याच्या निदान दुप्पट कापड. झिरझिरीत असेल तर अडीचपट, तिप्पटही. जाड मखमलीला दुप्पट पुष्कळ झालं.

आता रॉड. खिडकी पाच फुटी म्हणून रॉड पाच फुटी घेतला की पडदे उघडल्यावरही काचेवरच गोळा होऊन बसतात, अर्धा उजेड खातात. चौकटीच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच रॉड जाऊ द्या. साठ इंचाची खिडकी, शहात्तर इंचांचा रॉड. त्याच्या दुप्पट, एकशे बावन्न. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, चोपन्न इंच धरला तर तीन पन्हे, एकशे बासष्ट. कडेच्या चार दुमडी दोन-दोन इंचांच्या, आठ गेले. दोन जोड, त्यात दोन गेले. उरले बरोबर एकशे बावन्न. म्हणजे प्रत्येक पडद्याला दीड पन्हा. अर्धा पन्हा भिंतीच्या बाजूला जोडायचा, पडदे मध्यभागी मिळतात तिथे नाही. नाहीतर जोड सतत डोळ्यांसमोर येतो.

रॉडची उंची चौकटीच्या वर निदान सहा इंच. छत आणि चौकट यांत फूट-दीड फूटच जागा असेल तर सरळ छताजवळ न्या. आणि पडदा जमिनीपर्यंत. कट्ट्यापर्यंतचा चालतो, पण खाली टेबल किंवा पलंग असेल तेव्हाच. अधांतरी, पोटरीपर्यंत आलेला पडदा म्हणजे धुतल्यावर आटलेली पँट. जमिनीपासून अर्धा इंच वर थांबवा. लोळवत ठेवलेला पडदा चित्रात छान दिसतो, घरात तो केर काढतो.

माप स्टीलच्या टेपने घ्या. शिवणकामाची कापडी टेप ताणते आणि दगा देते. उंची तीन ठिकाणी मोजा, डावीकडे, मध्ये, उजवीकडे. जमीन सपाट असते हा आपला गोड गैरसमज आहे.

शेवटचं, खालची दुमड चार इंची दुहेरी ठेवा. आठ इंच कापड त्यात जातं म्हणून लोक कुरकुरतात. त्या वजनाने पडदा सरळ पडतो, आणि कापड पुढे आटलं तर तीच शिल्लक कामाला येते. सुती किंवा लिनन असेल तर शिवण्याआधी धुऊन घ्या. हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणी करत नाही.

उलटतपासणी:
दुप्पट कापड, जमिनीपर्यंत लांबी, आठ इंच दुमडीत. कापड विकणाऱ्यांची चांदीच की. आमच्या घरी सव्वापट कापडाचे पडदे आहेत, पंधरा वर्षं झाली, कोणी मेलं नाही.

सुईदोरा:
कोणी मरत नाहीच. पण प्रश्न घर उघडं का वाटतं असा आहे. पैसे वाचवायचे असतील तर साधं कापड घ्या आणि भरपूर घ्या. महागाचं कापड कमी घेऊन ताणून लावलेला पडदा नेहमी गरीब दिसतो. स्वस्तातलं सुती कापड अडीचपट घेतलं तर लोक हात लावून विचारतात, कुठून आणलं.

काजवा२:
फोटो टाका म्हटलं ना.

भिंग:
संध्याकाळीच का खटकतं याचं उत्तर काचेत आहे. साधी काच तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशातला साधारण ८ टक्के परत पाठवते, दोन्ही पृष्ठभागांवरून सुमारे ४-४ टक्के. हे दिवसाही चालू असतं, पण बाहेरून येणाऱ्या उजेडात ते हरवून जातं. बाहेर अंधार झाला की तेवढंच उरतं. पाच फुटी खिडकी म्हणजे रात्री भिंतीवर लावलेला पाच फुटी काळा आरसा. त्यात तुमची ट्यूबलाइट दिसते, तुम्ही दिसता, आणि पलीकडून कोणी बघत असेल का हे दिसत नाही. माणूस त्या आरशाकडे पाठ करून निवांत बसू शकत नाही.

झिरझिरीत पडद्याचंही तेच. दिवसा बाहेर उजेड जास्त, म्हणून आतलं दिसत नाही. रात्री आत दिवा लागला की उलटं होतं आणि रस्त्यावरच्या माणसाला तुमचं घर दिसतं. रोलरच्या जाळीदार सनस्क्रीन कापडालाही हाच नियम. त्यामुळे एकट्या शीअरवर, म्हणजे झिरझिरीत पडद्यावर, किंवा एकट्या जाळीवर भागत नाही. मागे शीअर, पुढे जाड पडदा, असे दुहेरी ब्रॅकेट मिळतात.

जाता जाता, बल्ब कोणते आहेत? पडद्याइतकंच ते महत्त्वाचं. खोक्यावर ६५०० के (केल्विन, म्हणजे पांढराफटक उजेड) लिहिलं असेल तर जगातला कुठलाही पडदा वेटिंग रूम वाचवू शकणार नाही. २७०० किंवा ३००० बघा, पिवळसर उजेडाचे.

मोकळी_भिंत:
आताच स्टुलावर चढून बघून आले. ६५००! आणि तो काळा आरसा वाचून अंगावर काटा आला, कारण मी रोज संध्याकाळी नकळत खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसते. कारण आज कळलं.

सुईदोराताई, हिशोब वहीत उतरवून घेतला. पण तीन पन्हे विटकरी कापड घेऊन फसले तर?

पाटी_पेन्सिल:
फसायचं नसेल तर आधी नाटकाची तालीम करा. जुन्या चादरी घ्या, रॉड जिथे लावायचा विचार आहे तिथे भिंतीत तात्पुरते दोन खिळे ठोका आणि दोरी बांधून चादरी चुण्या करून टांगा. आठवडाभर राहू द्या. आम्ही असं केलं तेव्हा उंचीचा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला. रंगासाठी दुकानातून वीतभर तुकडा आणू नका, तेवढ्यात काही कळत नाही. दोन हात कापड विकत घ्या, खिडकीवर टांगा आणि सकाळी, दुपारी, रात्री बघा. गडद रंगातून ऊन आलं की अख्खी खोली त्या रंगाची होते. विटकरीतून आलं की माणसं भट्टीसमोर बसल्यासारखी दिसतात. आवडणारे आहेतही, पण आधी बघून घ्या.

साधं_सरळ:
ब्लाइंडवाल्यांची बाजू कोणीच मांडत नाहीये, म्हणून लिहितो. पडदा सगळीकडे नको. बाथरूमची खिडकी, शेगडीजवळची खिडकी, अभ्यासाच्या टेबलामागची खिडकी, इथे कापड लोंबणं गैरसोयीचं, शेगडीजवळ तर धोक्याचंच. तिथे रोलर किंवा ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड. कॉम्प्युटरवर काम करत असाल तर आडव्या पट्ट्यांना तोड नाही. पट्टी वर वळवली की उजेड छतावर जातो, डोळ्यांवर येत नाही.

कापडाचा मऊपणाही हवा आणि पसाराही नको, तर रोमन ब्लाइंड आहेत. खाली सोडला की सपाट कापड, वर ओढला की घड्या पडत जातात. लहान खिडकीला फार शोभतो. पाच फुटी खिडकीला एकच रोमन लावू नका, जड होतो आणि तिरका चढतो. दोन करा.

आणि जाळीदार रोलर घ्यायचा तर गडद रंगाचा घ्या. पांढरी जाळी उन्हात स्वतःच चमकते आणि बाहेरचं धुरकट दिसतं. काळ्या-करड्या जाळीतून बाहेरचं स्वच्छ दिसतं. पहिल्यांदा ऐकल्यावर मलाही पटलं नव्हतं, तुकडे शेजारी धरून पाहिले तेव्हा पटलं.

धूळभेट:
ॲलर्जीवाल्यांनी आडव्या पट्ट्यांच्या वाटेला जाऊ नये. एकेक पट्टी पुसा, दोन्ही बाजूंनी, आणि शेवटच्या पट्टीला पोचेपर्यंत पहिलीवर पुन्हा थर. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

चिमणीची_आई:
घरात लहान मूल असेल तर ब्लाइंडच्या दोरीकडे आधी बघा आणि मग रंग. साखळीचा किंवा दोरीचा लोंबता फास लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकतो, आणि हे अगदी थोड्या वेळात, आवाज न होता होतं. शक्यतो विनादोरीचा ब्लाइंड घ्या. दोरी असलीच तर ती भिंतीवर निदान दीड मीटर उंचीवर हुक लावून गुंडाळून ठेवायची, साखळी असेल तर खाली भिंतीला पक्की ताणून बसवायची. आणि पाळणा, पलंग, मुलाला चढता येईल अशी खुर्ची त्या खिडकीखाली ठेवायची नाही. बसवणारा माणूस ‘नंतर लावतो’ म्हणाला तरी ऐकू नका, त्याच्याकडून त्याच दिवशी करून घ्या.

साधं_सरळ:
+१. हे मी लिहायला हवं होतं.

मांजराचा_माणूस:
मांजर असेल तर मखमल घ्या. हसू नका. जाळीदार, सैल विणीच्या कापडात नख अडकतं आणि धागा ओढला जातो. मखमलीत नख अडकायला वीणच सापडत नाही. आमच्या बाईसाहेबांनी लिननचे दोन पडदे कातले, मखमलीकडे ढुंकून बघत नाहीत. केस मात्र चिकटतात, रोज.

सुईदोरा:
मखमल घेणार असाल तर लव एकाच दिशेने आहे ना ते बघा. एका पन्ह्याची लव वर आणि दुसऱ्याची खाली झाली तर एकाच ताग्यातलं कापड दोन वेगळ्या रंगांचं दिसतं. शिवून झाल्यावर त्याला इलाज नाही. हे माझ्या हातून एकदा झालंय. त्या घरासमोरून जाताना अजून मान खाली घालते.

भाडेकरू_कायमचा:
आमच्यासारख्यांचं काय? मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत.

पाटी_पेन्सिल:
चौकटीच्या आत दोन बाजूंमध्ये अडकून बसणारा स्प्रिंगचा रॉड. शीअरसारखं हलकं कापड पेलतो, जाड पडदा लावलात तर मध्यरात्री धाडकन खाली येईल. अनुभव आहे.

घुबड_ड्यूटी:
रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो, त्यामुळे झोपायच्या खोलीच्या प्रश्नावर माझा अधिकार.

ब्लॅकआउट कापड घेतलं म्हणजे अंधार होतो, असं नाही. कापडातून उजेड येत नाहीच, तो कडांनी येतो. माझा पहिला प्रयोग चौकटीच्या आत बसवलेला ब्लॅकआउट रोलर. यंत्राला दोन्ही टोकांना जागा लागते, त्यामुळे कापड दोन्हीकडे अर्धा-पाऊण इंच अरुंद असतं. दिवसा त्या दोन फटींतून असा उजेड यायचा की भिंतीवर दोन ट्यूबलाइट उभ्या लावल्यासारखं वाटावं. दुसरा प्रयोग आयलेटचे ब्लॅकआउट पडदे. आयलेटला कापड रॉडच्या पुढे-मागे नागमोडी जातं, वरच्या प्रत्येक वळणातून उजेड छतावर पडतो.

शेवटी जमलं ते असं. आतला रोलर तसाच ठेवला आणि पुढे टोकाला भिंतीकडे वळणारा रॉड लावला, म्हणजे पडद्याची कड भिंतीला टेकते. वर पेल्मेट, म्हणजे रॉड झाकणारी फळी, ठोकलं. दुपारी बारा वाजता खोलीत हात दिसत नाही.

सुईदोरा:
ब्लॅकआउटवर टीप मारताना दोनदा विचार करा. त्या कापडाच्या पाठीला थर दिलेले असतात, चांगल्या कापडाला पांढरा, मधे काळा, पुन्हा पांढरा. सुईचं भोक त्यात कायमचं राहतं. उसवून पुन्हा शिवलंत तर जुन्या टिपेची रांग उन्हात चांदण्यांसारखी चमकते. म्हणून मी त्याला वेगळं अस्तर म्हणूनच लावते, मूळ पडद्याच्या मागे, फक्त वर जोडून. धुवायला सुटंही करता येतं.

उलटतपासणी:
पडद्याने खोली गार राहते हेही थोतांड आहे का, कोणी सांगेल का? आमच्याकडे पश्चिमेची खिडकी आहे, पडदा ओढूनही भट्टी.

भिंग:
थोतांड नाही, अर्धसत्य आहे. ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला, आणि तापलेला पडदा आता तुमच्या खोलीत आहे. म्हणून ऊन काचेच्या बाहेरच अडवणं सगळ्यात चांगलं, बाहेरची चिक, ताडपत्रीची झाप, झाड, काहीही. ते शक्य नसेल तर पडद्याची काचेकडची बाजू पांढरी ठेवा, म्हणजे बराचसा उजेड तापण्याआधीच काचेतून परत जातो. आतल्या बाजूचा रंग मग विटकरी ठेवा नाहीतर काळा.

थंडीत हिशोब उलटा. काचेला लागून हवा गार होते, जड होते आणि पडद्याच्या खालून पायांवर येते. तिची जागा घ्यायला वरून ऊबदार हवा पडद्यामागे ओढली जाते. वरचं तोंड पेल्मेटने बंद केलं की हा झरा आटतो. जुन्या लोकांनी पेल्मेट फक्त शोभेला लावले नव्हते. मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांचे ब्लाइंड मिळतात, ते हवा कप्प्यांत कोंडून ठेवतात, ऊब राखायला ब्लाइंडमध्ये सगळ्यात सरस. मात्र थंडीत सकाळी पडदे उघडाच. पडद्यामागची काच जास्तच गार पडते, तिच्यावर दव धरतं आणि पडद्याच्या अस्तराला बुरशी येते.

झुंजुरका:
आणि आवाज? जाड पडद्याने गाड्यांचा आवाज थांबतो का?

भिंग:
बाहेरचा फारसा नाही. इंजिनाची घरघर कापड अडवू शकत नाही, तिला खिडकीच्या फटी बुजवणं हाच उपाय. आतला घुमारा मात्र पडदा छान पितो. भांड्यांचा खणखणाट, खुर्ची सरकल्याचा आवाज, मुलांची किंचाळी. भरपूर चुण्यांचा पडदा ताणलेल्या पडद्यापेक्षा जास्त पितो. नव्या घरात बोललं की आवाज पोकळ येतो ना, तो यामुळे बराच कमी होतो.

मोकळी_भिंत:
दहा दिवसांनी धागा वर काढतेय. चादरींची तालीम केली!

खिळे, दोरी, दोन पांढऱ्या डबलबेडच्या चादरी. पहिल्या दिवशी दोरी चौकटीला लागूनच बांधली, दुसऱ्या दिवशी नऊ इंच वर. सासूबाई आत आल्या आणि म्हणाल्या, छत वर केलंत का. चादर तीच, फक्त नऊ इंच वर. त्याच संध्याकाळी ट्यूबलाइट बंद ठेवून, २७०० केचा बल्ब घातलेला टेबललॅम्प चादरीच्या एका कडेला जमिनीवर ठेवला. चुण्यांच्या सावल्या आडव्या पडल्या आणि ती मळकी चादर अचानक कापड वाटायला लागली. नवरा टीव्ही बघत होता, तो म्हणाला, आवाज कमी केलास का? मी रिमोटला हात लावला नव्हता.

रंगाचं सांगायचं तर दोन हात विटकरी कापड आणून टांगलं. दुपारी चारला सगळे ताप आल्यासारखे दिसायला लागलो. विटकरी बाद. जुन्या कागदाच्या रंगाचं लिनन-कॉटन घेतेय. विटकरीच्या उशा शिवेन.

एकच अडलंय, आयलेट की चुण्या? शिवणारा म्हणतो आयलेटच घ्या, सगळे तेच घेतात.

सुईदोरा:
सगळे घेतात कारण शिवायला सोपे. वाईट नाहीत, सरकतात छान, जाड कापडाला शोभतात. फक्त प्रत्येक पडद्याला आयलेट सम संख्येत हवेत, आठ किंवा दहा. विषम झाले तर एक कड भिंतीकडे वळते आणि दुसरी खोलीत नाक खुपसते. शेवटचं आयलेट ब्रॅकेटच्या बाहेर, टोकाच्या गोळ्याच्या आत घ्या, म्हणजे कड जागेवर राहते. शहात्तर इंचांचा रॉड मध्ये झोल खातो, तिथे तिसरं ब्रॅकेट लावाच. पडदे दोन बाजूंना उघडतात, त्यामुळे ते मध्ये येत नाही.

पण लिनन-कॉटन घेताय तर मी वरच्या कडेत बक्रम (कडक पट्टी) घालून दोनपदरी चुण्या घेईन, वर रिंगा. चुण्या वरून नीट बांधलेल्या आणि खाली मोकळ्या सुटणाऱ्या. आयलेटची गोल वळणं लिननला जरा यंत्राची वाटतात. माझी आवड म्हणा.

टांगल्यावर एक काम करा. प्रत्येक चुणी हाताने वरपासून खालपर्यंत सरळ करा, कापडाच्या पट्टीने तीन ठिकाणी सैल बांधा आणि दोन-तीन दिवस तसेच राहू द्या. कापडाला घडीची सवय लागते. न विसरता करा, पडद्यातला अर्धा फरक इथे आहे.

आणि धुऊन घेतलंत ना कापड?

मोकळी_भिंत:
चुण्या ठरल्या. धुते, धुते.

निवांत_दुपार:
एक टीप माझ्याकडून. धुतल्यावर डावा पडदा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावायचा. मधली कड हाताने ओढून मळते, उन्हाने विटते. अदलाबदल केली की झीज वाटली जाते.

पाटी_पेन्सिल:
पण सुईदोरा म्हणाल्या तसा अर्धा पन्हा भिंतीकडे जोडला असेल तर अदलाबदल केल्यावर जोड मध्यभागी येईल ना?

सुईदोरा:
येईल. बरोबर पकडलंत. एकसंध पन्ह्याच्या पडद्यांना ही युक्ती उत्तम, दीड पन्ह्याच्यांना नाही. त्यांना मधल्या कडेच्या मागून अस्तराची पट्टी जास्त आत घ्यायची.

काजवा२:
फोटो?

मोकळी_भिंत:
दीड महिन्याने परत आलेय, जरा मान खाली घालून.

पडदे लागले. नव्वद इंची, जमिनीपासून अर्धा इंच वर, बरोबर रेघेत. बांधून ठेवले, तीन दिवसांनी सोडले, आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर मी चक्क खिडकीकडे पाठ करून बसले. महिनाभर मजेत गेला. मग कोणीतरी रंगाचा ब्रश घेऊन धावलं (सहा वर्षांचं कोणीतरी) आणि पडदा धुवावा लागला. एकच धुतला. वाळल्यावर लावला तर तो जमिनीपासून साडेतीन इंच वर. शेजारचा अर्धा इंच. धुते धुते म्हटलं होतं, धुतलं नव्हतं. शिवणाऱ्याची तारीख मिळाली म्हणून घाईत तसंच कापड देऊन टाकलं.

आता एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या पँटसारखी दिसतेय खिडकी. दुसराही धुऊन दोन्ही तसेच ठेवू की काही इलाज आहे?

उलटतपासणी:
सुती, नव्वद इंचांना तीन इंच. साधारण तीन टक्के. कापडाने काहीच चूक केली नाही.

सुईदोरा:
उलटतपासणी, जखमेवर मीठ नका चोळू.

दुमड चार इंची दुहेरी घेतलीय ना? मग रडायचं कारण नाही. आधी दुसरा पडदाही धुवा, दोघांना आटून घेऊ दे. मग दोन्हींची खालची तुरपाई उसवा. रॉडवर टांगून एक दिवस तसंच लोंबू द्या, कापड स्वतःच्या वजनाने बसतं. मग टांगलेल्या अवस्थेतच जमिनीपासून मोजून टाचण्या लावा, टेबलावर नाही. आता दोन्ही दुमडी अडीच-अडीच इंचांच्या होतील, तीन इंच खाली मिळतील. थोडं वजन कमी पडेल, कोपऱ्यात शिशाची चकती किंवा जुनं नाणं शिवून टाका. मशीनची टीप नको, हाताने तुरपा.

जुन्या दुमडीची रेघ दिसेल. ओलं फडकं ठेवून वाफेची इस्त्री उलट बाजूने, दोन-तीनदा. पूर्ण जाईल असं वचन देत नाही.

मोकळी_भिंत:
झालं. दोन संध्याकाळी लागल्या. सासूबाईंनी एक पडदा तुरपला, मी एक. त्यांचे टाके दिसत नाहीत, माझे दिसतात. नवऱ्याने त्याच्या अभ्यासाच्या टेबलामागे गडद जाळीचा रोलर लावून घेतलाय, विनादोरीचा, आणि तो फार खूश आहे. झोपायच्या खोलीला घुबड_ड्यूटी यांचा नुसखा, पेल्मेटसकट.

काजवा२ यांच्यासाठी खाली फोटो टाकलाय. रेघ शोधून दाखवा.

काजवा२:
अखेर! रेघ सापडली. उजवा पडदा, खालून तीन बोटं वर, दिव्याच्या बाजूला.

मोकळी_भिंत:
ती रेघ नाही, तो माझा टाका आहे.